अकराची हाक

नांदुरा,
९ नोव्हेंबर २०२५

वीर श्री. उकंडराव वायाळ,
मु. पो. साखरखेर्डा.

त्या एका विमानाचा खरा खर्च किती झाला, तो आधी मांडतो. वीस गोळे, म्हणजे चार-चारचे पाच चाप. तुमचे दोन्ही कान, जे तोफेला चिकटून बसल्यानं कायमचे गेले. आणि गोपालच्या मांडीत शिरलेला बॉम्बचा तुकडा, जो लष्कराच्या डॉक्टरांना काढता आला नाही आणि अडतीस वर्षांनी राख सावडताना तानुवहिनींच्या हाताला लागला. एवढं सगळं लागलं तेव्हा एक विमान खाली आलं. आता यातलं एकट्या माणसाचं किती, ते तुम्हीच सांगा.

मी अहो-जाहो करतो आहे, हे लक्षात आलं असेलच. वीरांना अरे-तुरे करण्याची आमची काय टाप.

काल माझ्या लेकीनं, छायानं, तुमच्या गावच्या गौरव समितीचं पत्रक फोनवर वाचून दाखवलं. ‘एकाहत्तरच्या युद्धात आपले सुपुत्र उकंडराव वायाळ यांनी एकट्याने शत्रूचे विमान हेरले, नेम धरला, घोडा दाबला आणि विमान जमिनीवर आणले.’ सोळा डिसेंबरला शाळेसमोर दगड बसणार, त्यावर हेच कोरणार. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं. म्हटलं, गोपालचं नाव बघ कुठं. ती म्हणाली, ‘बाबा, खाली मंडप डेकोरेशनवाल्याचं नाव आहे. गोपालकाकांचं नाही.’

तोफेला घोडा नसतो, पेडल असतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल. तुम्हाला आहे ना? ते कोणाच्या पायाखाली होतं, हेही आहे ना?

तीन वऱ्हाडी एका तोफेवर होतो. तुम्ही, धाडचा गोपाल जेऊघाले आणि मी. अकोल्याच्या भरतीत एकामागं एक उभं राहून छाती मोजून घेतली होती. आता हेरण्याचं म्हणाल तर विमान हेरलं ते मी. ‘अकरा’ ही हाक माझी. साहेबाच्या सहीचं प्रमाणपत्र माझ्या दुकानात गणपतीशेजारी टांगलेलं आहे, येणारं-जाणारं गिऱ्हाईक वाचतं. हा कान चौपन्न वर्षांत एकदाही खोटं बोलला नाही. मोटार नुसती चालू करा, बेअरिंग गेलं की बुश, ते मी रस्त्याच्या पलीकडून सांगतो. स्टेशन रोडवर लिंबाखाली एक वाइंडिंग मशीन घेऊन बसलो होतो, आज सहा माणसं हाताखाली आहेत, ती या कानाच्या जोरावर. तरी मी कधी दगड मागितला नाही.

गोपाल मात्र बोलायला उरलेला नाही, म्हणून मी बोलतो. तो शेवटी जागेवरून उठला, हे खरं. विशीतला पोरगा, डोक्यावर विमान, कोण नाही उठणार. त्यासाठी मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. पण त्याआधी दहा दिवस तो त्या जागेवर बसला होता, त्याचं काय?

फोन करत नाही, कारण तुम्हाला ऐकू येत नाही आणि सूनबाई म्हणतात, ‘बाबा मान हलवून राह्यले.’ मान हलवण्याचं काम नाही हे. दगडावर गोपालचं नाव आलं पाहिजे. नाहीतर सोळा तारखेला मी मंडपात येऊन बोलेन, आणि मला माईक लागत नाही.

तुमचा, अजून तरी,
हिंमतराव नारखेडे


साखरखेर्डा,
१६ नोव्हेंबर

हिंमत्या,

पत्र भेटलं. माझा हात कापते, म्हून नात पूनम लिहून राह्यली. मी बोलतो तसंच लिही म्हटलं. ती म्हणे, आबा, असं कोणी लिहित नाही. म्हटलं, तू लिही.

तू अहो-जाहो काऊन केलं बे? इतक्या वर्षांत जी इज्जत नाही देली ते आता देऊन काय करतं?

पत्रक मी नाही लिहिलं. रमाकांत गुरुजीनं लिहिलं. मोठा सज्जन माणूस हाये. जल्मभर पोरांले धडे शिकवले, त्यांले सगळ्याच गोष्टीत एकच नायक लागते. मले वाचून दाखवलं, मी मान हलवली. मले काय ऐकू येते? तुले तं माहीत हाये.

दगड कोरायले बुलडाण्याले गेला. आता त्याच्यात हात घालू नको. गोपालचं नाव मधात आणलं तं काही चांगलं नाही व्हनार. जे त्याच्यासंगं गेलं ते जाऊ दे. तू तुह्या मोटारी पाह्य. कापूस कसा हाये औंदा तिकडं?

अन् एक. गोपाल उठला, कोण नाही उठणार, असं तू लिहिलं. ते पुन्हा लिहू नको.

तुहा,
उकंडा

(आजोबांनी शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं, म्हणून त्याखाली रेघ मारली आहे. – पूनम)


नांदुरा,
२० नोव्हेंबर

श्री. रमाकांत देऊळगावकर गुरुजी,
चिटणीस, गौरव समिती, साखरखेर्डा.

सा. न. वि. वि.

माझी-आपली ओळख नाही. मी पाणबुडी मोटारी दुरुस्त करणारा माणूस, शिक्षण सातवी. आपलं पत्रक मात्र नीट वाचलं, म्हणून आपल्याला तोफ समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली आहे. राग मानू नका. मला आला आहे तेवढा पुरे आहे.

आमची तोफ चाळीस मिलिमीटरची. विमानतळाच्या कडेला खड्ड्यात बसवलेली, भोवती मातीच्या गोण्या. नळीच्या दोन अंगांना दोन लोखंडी आसनं. उजव्या आसनावर उकंडराव. त्यांच्या हातात एक चाक. ते फिरवलं की तोफ डावी-उजवीकडे वळते, एवढंच. वर-खाली होत नाही. वर-खालीचं चाक डाव्या आसनावर, गोपाल जेऊघाले यांच्या हातात. दोघांच्या डोळ्यांपुढे एकेक जाळीदार कडं. उकंडरावांनी विमान फक्त उभ्या तारेवर धरायचं, गोपालनं फक्त आडव्या तारेवर. एकानं दुसऱ्याच्या तारेकडे बघायचं नाही. बैलजोडीतला एक बैल चालला आणि दुसरा नुसता बघत राहिला तर गाडी जशी गोल फिरेल, तसं होतं मग.

आणि एवढ्यानं विमान पडत नाही. गोळ्याला हजार मीटर जायला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात जेट विमान तीन-चारशे मीटर पुढे निघून जातं. म्हणजे विमान दिसतं तिथं गोळा मारला, तर तो कालच्या जागेवर मारला. आपण ज्वारीत गोफण फिरवताना दगड पाखरावर सोडतो का? पाखराच्या पुढं सोडतो. हे पुढचं मोजायला एक तिसरा माणूस मागं उभा. आमचा एक मद्रासकडचा अण्णा होता. विमानाचा वेग किती, रोख कुठं, हे नुसत्या नजरेनं ठरवून तो दोन दांड्या सरकवायचा, की ती दोन्ही कडी आपोआप हलायची. मग ह्या दोघांना वाटायचं आपण विमानावर रोखतोय, आणि नळी मात्र रोखलेली असायची विमान पोचणार असेल तिथं.

चौथा चार-चार गोळ्यांचे चाप वरून भरणार. दोघं ते आणून देणार. हवालदार उभा राहून हुकूम देणार. आणि पन्नास पावलांवर एका खड्ड्यात दुर्बीण घेऊन मी. घड्याळाच्या तबकडीप्रमाणं दिशा सांगायची. धावपट्टीचं टोक म्हणजे बारा. विमानं झाडांच्या शेंड्यांना घासून यायची, दिसेपर्यंत डोक्यावर आलेली असायची. म्हणून आधी कान, मग दुर्बीण. मी ‘अकरा’ ओरडलो की हवालदार तेच ओरडणार, उकंडराव चाक फिरवणार.

आता आपला घोडा. तोफ उडते ती पायातल्या पेडलनं, आणि ते पेडल डाव्या आसनाखाली असतं. म्हणजे गोपालच्या. उकंडरावांच्या पायाखाली नुसती जमीन होती.

म्हणजे आपल्या वाक्यात चार क्रिया आहेत. हेरले, धरला, दाबला, आणले. त्यातली अर्धी एक उकंडरावांची. आपण व्याकरण शिकवलेलं आहे, कर्ता कोण ते आपणच ठरवा. पण गोपाल जेऊघाले हे नाव दगडावर हवं. त्यांची विधवा पत्नी तानुबाई धाडला हयात आहे.

आपला,
हिंमतराव नारखेडे


साखरखेर्डा,
२४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय श्री. हिंमतराव नारखेडे यांस,
सस्नेह नमस्कार.

आपले अत्यंत माहितीपूर्ण पत्र मिळाले. आपली तळमळ समितीने मनापासून समजून घेतली आहे. तथापि दोन गोष्टी नम्रपणे निदर्शनास आणतो.

एक. स्मारकावरील मजकूर श्री. उकंडराव यांच्या संमतीनेच ठरला. त्यांना ऐकू येत नसल्याने मी पाटीवर लिहून विचारले होते, ‘आणखी कोणाची नावे द्यावयाची काय?’ त्यांनी ती पाटी पुसून त्यावर स्वहस्ते लिहिले, ‘दुसरे नाव नको.’ हे त्यांनी मान हलवून नव्हे, लिहून सांगितले आहे.

दोन. एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या कृपेने त्या तुकडीच्या जुन्या नोंदींची प्रत आम्हास पाहावयास मिळाली. तीत श्री. जेऊघाले यांच्याविषयी ‘कारवाई चालू असता आदेशाविना जागा सोडली, जखमी’ एवढाच उल्लेख आहे. दिवंगत व्यक्तीविषयी अशी चर्चा उपस्थित होऊ नये, हेच उचित. शाळकरी मुलांपुढे प्रेरणादायी गोष्ट साधी असावी लागते.

आपला उल्लेख पुस्तिकेत ‘तीक्ष्ण कानांचे टेहळे’ असा अवश्य करीत आहोत. सोळा तारखेस सहकुटुंब यावे.

आपला,
रमाकांत देऊळगावकर


नांदुरा,
२८ नोव्हेंबर

उकंड्या,

अहो-जाहो संपलं. तू मान हलवली नाहीस, तू पाटीवर लिहिलंस. ‘दुसरे नाव नको.’ तुझा हात पत्र लिहायला कापतो, आणि गोपालचं नाव पुसायला कापत नाही.

मी काल धाडला जाऊन आलो. एसटीनं बुलडाणा, तिथून जीप. तानुवहिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला ओळखलं नाही, मग आवाजावरून ओळखलं. चहा झाला. मी दगडाचं सांगितलं. वाटलं होतं चिडतील, रडतील. त्या शेंगा सोलतच राहिल्या.

‘चांगलं हाये न भाऊजी,’ म्हणाल्या, ‘उकंडभाऊजीचं नाव व्हते तं चांगलंच हाये.’

‘वहिनी, गोपालचं नको का व्हायला?’

त्यावर उठून आत गेल्या आणि सुपारीची डबी घेऊन आल्या. डबीत तो तुकडा. बोटाच्या पेराएवढा. मी पहिल्यांदाच पाहिला. एका बाजूला अजून धार आहे त्याला.

‘हे पाहा,’ म्हणाल्या. ‘हे घेऊन अडतीस वर्सं चालले. वखर हाणला, पेरण्या केल्या. पावसाळ्यात रातभर मांडी धरून बसत. अन् गावात काय म्हणत, उठला म्हून लागलं. बसला असता तं नसतं लागलं. माही सासू मरेपर्यंत तेच म्हणे. पोराले शाळेत पोरं म्हणत, तुहा बाप भेला होता. मी त्यांले एकदाच इचारलं. काऊन उठले होते? ते म्हणे, काम होतं.’

‘कसलं काम?’

‘मलेच काय इचारता भाऊजी? तुम्ही होते न तिथं. मले दगड नको, मान नको. मले फक्त कोणी सांगावं का काम होतं. नसन तं नसन म्हून सांगावं. मंग मी भेला होता म्हून समजून घेईन, नवरा होता माहा.’

मी खड्ड्यात होतो, माझं तोंड दुसरीकडे होतं. तू त्याच्यापासून हातभर अंतरावर होतास. तुला माहीत असणार. नुसतं नळीचं लोखंड होतं दोघांच्या मधे.

चौपन्न वर्षं तू हे पोटात घेऊन बसलास आणि आता त्यावर दगड ठेवून मोकळा होतोस. ती बाई एक वाक्य मागते आहे. तेही तुझ्यानं होत नसेल, तर त्या दगडावर तुझं नाव कोरण्यापेक्षा गुरांना अंग घासायला तो बरा.

मला उत्तर पाठव. पूनमकडून नको, स्वतः लिही. पाटी पुसता येते तर कागदही लिहिता येईल.

हिंमत


साखरखेर्डा,
४ डिसेंबर

हिंमत,

हे पूनमले दाखवलं नाही. मीच लिहून राह्यलो. तीन दिवस लागले. अक्षर लावून घे.

तू म्हणतं मी गोपालचं नाव पुसलं. हाव, पुसलं. गोपालचं नाव आलं का लोक इचारतीन, तो उठला काऊन. ते सांगायचं झालं तं बाकीचंही सांगा लागते. म्हून मी गुरुजीले म्हटलं, दुसरं नाव नको. एकट्याची गोष्ट असली का कोणी काही इचारत नाही.

आता ऐक.

आदल्या दिवशीच्या बॉम्बनं तुहा जुना खड्डा बुजला होता. तुले हँगरच्या बाजूले नवी जागा देली. तुह्या पाठीशी गोण्या अन् समोर हँगरची पत्र्याची भिंत. आठवते?

सकाळी तू वरडला, ‘पाच.’ हवालदार वरडला, ‘पाच.’ मी चाक फिरवलं. नळी पाचावर गेली. आभाळ कोरं होतं. आम्ही दोघं कड्यात डोये घालून बसलो, हवालदार दुर्बीण लावून पाचाकडंच पाहून राह्यला होता.

गोपाल माळ्यावर बसून पाखरं राखलेला माणूस. त्यानं डोया काढला. आपल्या मागं, अकराच्या अंगाले, शिसमाची झाडं होती. त्याच्यातून सारे कावळे एकदम उठले. त्यानं ते पाह्यलं. तो वरडला, मले आयकू नाही आलं, बाजूची तोफ चालू झाली होती. तवा तो उठला. नळीवरून आडवा झाला अन् माह्या टोपावर बुक्की हाणली. तोंड माह्या कानाशी आणून म्हणला, ‘उकंड्या, अकरा.’

तेवढ्यात पहिल्या विमानाचा बॉम्ब पडला. तुकडा त्याले लागला तो उभा होता तवाच लागला, हे खरं हाये. मंग तो बसला. मी नळी अकरावर आणली. मागून दुसरं विमान येत होतं. त्यानं ते तारेवर घेतलं अन् पेडल दाबलं. ज्या मांडीत तुकडा, त्याच पायानं. पाच चाप संपेपर्यंत पाय नाही उचलला. विमान गव्हाच्या वावरात पडलं. मंग मी पाह्यलं तं त्याचा बूट भरला होता.

हवालदारानं मागं वळून पाह्यलं तवा गोपाल उभा होता. त्यानं तेवढंच सांगतलं. पाचाचा हुकूम त्याचाही चुकला होता न, त्याले ते कागदावर नको होतं.

सांजच्याले साहेब इचारे, अकरा कोण म्हणलं? मी दवाखान्याच्या तंबूत गोपालले इचारलं, काय सांगू? तो म्हणे, हिंमतनं म्हणलं म्हून सांग. दोन दिवस आधी चुकीच्या हाकेसाठी बाजूच्या तोफेचा टेहळ्या कोठडीत टाकला होता. गोपाल म्हणे, हिंमतची माय एकटी हाये, त्याचा पगार बंद झाला तं ते काय खाईन. मी म्हटलं, अन् तू उठला त्याचं काय? तो म्हणे, लिहू दे. माह्या बायकोले कुठं वाचता येते.

तू खड्ड्यातून आला तं सारे तुही पाठ थोपटून राह्यले होते. अकरा, अकरा. चार दिवसांत तुलेही वाटाले लागलं का तूच म्हणला. मी काही बोललो नाही. गोपालले शब्द देला होता. तो गेल्यावर वाटलं, आता सांगावं. मंग तुह्या दुकानात तो कागद टांगेल पाह्यला.

तुहा कान वाईट नव्हता. जागा वाईट होती, मागचा आवाज पत्र्यावर आपटून समोरून आला असन. मले तसंच वाटते.

आता तू ठरव. मी सोळा तारखेपर्यंत काही बोलत नाही.

उकंडा


नांदुरा,
११ डिसेंबर २०२५

श्री. रमाकांत देऊळगावकर गुरुजी,
साखरखेर्डा.

सोबत उकंडरावांच्या पत्राची नक्कल आहे. त्यांना न विचारता पाठवतो आहे, कारण विचारलं तर ते पुन्हा पाटी पुसतील. आपण ती समितीपुढे मोठ्यानं वाचावी. गोष्ट साधी नाही, पण मुलं आपल्याला वाटतात तेवढी साधी नसतात.

दगडाबद्दल मी बुलडाण्याच्या कारागिराला प्रत्यक्ष भेटलो. वरची पताका कोरून झाली आहे, मजकूर अजून खडूनंच लिहिलेला आहे. म्हणजे ‘एकट्याने’ हा शब्द आज ओल्या फडक्यानं जाईल, पुढच्या आठवड्यात छिन्नीनंही जाणार नाही. त्याला दोन दिवस थांबायला सांगून आलो आहे. पहिलं नाव गोपाल जेऊघाले, धाड. दुसरं उकंडराव वायाळ, साखरखेर्डा. तिसरं नाव अण्णांचं हवं होतं. त्यांचं खरं नाव आम्हा दोघांनाही ठाऊक नाही, याची लाज वाटते. ‘तोफेवरचे इतर जवान’ असं लिहा. माझं नाव दगडावर नको, पुस्तिकेतले ते ‘तीक्ष्ण कानांचे’ही काढा.

त्या जुन्या नोंदीविषयी. ‘आदेशाविना जागा सोडली.’ आपण ती वाचलीत आणि दिवंगताची लाज राखायची म्हणून गप्प बसलात. गुरुजी, लाज राखायची असती तर आधी विचारलं असतं, की हे लिहिणारा त्या वेळी कुठं बघत होता. आदेश चुकीचा होता. तो पाळला असता तर आज आपल्याकडे नोंद स्वच्छ असती आणि आमच्यापैकी कोणी नसतं. हुकूम देणारा सुटला, चुकीची हाक देणारा शाबासकी घेऊन आला, आणि ज्यानं बरोबर पाहिलं त्याच्या पोरानं शाळेत ‘भेला होता’ हे ऐकलं. त्या पोराला चिडवणारी पोरंही कोणत्या तरी गुरुजींच्या वर्गातलीच असतील. हे चौपन्न वर्षं चाललं, आणि त्यातली चौपन्न वर्षं मी गिऱ्हाइकांना बसवून ‘अकरा’ची गोष्ट सांगत होतो. रागावण्यासारखी बरीच माणसं यात आहेत. मी माझ्यापासून सुरुवात केली आहे, आपण आपल्यापासून करावी.

परवा धाडला जाऊन तानुवहिनींना उकंडरावांचं पत्र वाचून दाखवलं. सगळं वाचलं, माझ्या मायचं वाक्यही, ‘बायकोले कुठं वाचता येते’ हेही. त्या जातं पुसत होत्या. पत्र संपल्यावर म्हणाल्या, ‘म्हंजे काम होतं.’ मी हो म्हटलं. मग त्यांनी मला जेवायला वाढलं. मी माफी मागणार होतो. त्या म्हणाल्या, ‘जेवा आधी, भाऊजी. तुमची माय त्या वर्षी जेवली न, मंग झालं.’ सोळा तारखेला त्या येणार आहेत. त्यांना खुर्ची पहिल्या रांगेत ठेवा, आणि मंडपवाल्याला सांगा की त्यांच्यासमोर फुलांचा हंडा ठेवू नकोस.

प्रमाणपत्र फ्रेमसकट या पत्राबरोबर पाठवतो आहे. भिंतीवर त्याच्या जागी नुसता चौकोन उरला आहे. शाळेत ठेवायचं तर खाली खरं काय ते लिहून ठेवा.

आता आपण म्हणाल, एका बहिऱ्या मित्राच्या पत्रावरून मी इतक्या वर्षांची गोष्ट कशी सोडून दिली. नाही सोडली लगेच. पत्र वाचून पहिला दिवस मी उकंडरावांना शिव्याच देत होतो. मशीन बिघडलं असं कोणी म्हटलं तरी चालवून पाहिल्याशिवाय मी मानत नाही, हा माझा धंदा. आमच्या इथं रेल्वेलाइनच्या कडेला जुन्या जिनिंगचं पत्र्याचं गोडाऊन आहे. त्याच्यासमोर मी पत्र्याकडे तोंड करून बसलो. पाठीमागं, रुळांच्या बाजूला, सरकीच्या पोत्यांची माणूसभर उंच थप्पी. डोळ्यांवर रुमाल बांधला. छायाला थप्पीवर उभं केलं. गाडी मलकापूरकडून येते आहे की शेगावकडून, ते मी नुसत्या कानानं आधी सांगायचं, आणि तिनं बघून वहीत लिहायचं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. एक जण म्हणाला, ‘नारखेडे शेठ, काही नवस हाय का?’

दोन दिवसांत दहा गाड्या ऐकल्या. मी सात चुकलो.

आपला,
हिंमतराव नारखेडे